न पडणारा माणूस : पिस्तुलाच्या गोळीविषयींच्या एका समजुतीचा इतिहास

नाटकांत तलवारीचा वार लागलेला माणूस लगेच मरत नाहीं. तो प्रथम दोन पावलें मागें सरतो, एक लांबलचक स्वगत म्हणतो, कोणाला तरी क्षमा करतो आणि मगच देह ठेवतो. चित्रपटांतील माणसाला एवढी सवड मिळत नाहीं. समोरच्यानें पिस्तुलाचा चाप ओढला कीं तो चार हात मागें फेंकला जातो, कांचेची खिडकी फोडून बाहेर पडतो आणि तेथेंच संपतो. पहिल्या प्रकाराला आपण हंसतों. दुसरा मात्र निमूटपणें खरा मानतों. मध्यंतरीं माझ्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें मला विचारलें, "सर, गोळी लागल्यावर माणूस नेहमीं मागेंच कां पडतो?" मी इतिहासाचा अध्यापक, पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांना विचारून सांगतों, असें म्हणून मीं वेळ मारून नेली. त्या सहकाऱ्यांनीं जें उत्तर दिलें तें ऐकून मी चकित झालों. गोळीनें माणूस मागें पडत नाहीं. पुष्कळदां तो पडतच नाहीं, असें त्यांचें म्हणणें. मग मात्र हा प्रश्न खरोखरी माझ्याच विषयांतला आहे हें माझ्या ध्यानीं आलें.

कारण, गोळी माणसाला पाडते ही समजूत केवळ चित्रपटवाल्यांची नव्हे. सव्वाशेंहून अधिक वर्षें ती सैन्याच्या अहवालांत, शस्त्रागारांच्या कागदपत्रांत आणि एका आंतरराष्ट्रीय परिषदेच्या वृत्तांतांतहि वावरत आली आहे. ज्या ज्या वेळीं गोळी लागूनहि माणूस पडला नाहीं, त्या त्या वेळीं आपली समजूतच चुकीची असावी असें फारच थोड्यांना वाटलें. तो माणूसच कांहीं निराळ्या घडणीचा असला पाहिजे, असें ठरून गेलें. गोळीचें वजन किती असावें, तिचें टोंक गोल असावें कीं सपाट, या रुक्ष दिसणाऱ्या वादाच्या पोटांत माणसामाणसांतील उच्चनीचतेचा हा दुसरा वाद दडलेला आहे. तो उकलून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम गोळी करते काय तें पाहूं. गोळीचा वेग मोजण्याची पहिली विश्वसनीय युक्ति बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणित्यानें काढली व ती इ. स. १७४२ सालीं आपल्या ग्रंथांत प्रसिद्ध केली. टांगलेल्या जड लाकडी लोलकांत गोळी मारावयाची, लोलक किती झुलला तें पाहावयाचें आणि त्यावरून गोळीचा वेग काढावयाचा, अशी ती साधी रीति. हा रॉबिन्स पुढें ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता होऊन आपल्याच देशांत आला व कडलूरजवळच्या सेंट डेव्हिडच्या किल्ल्यांत १७५१ सालीं तापानें वारला. त्याच्या लोलकाचें तत्त्व असें कीं, गोळीचें वजन व वेग यांचा जो गुणाकार, म्हणजे ज्याला संवेग म्हणतात, तेवढाच धक्का ती समोरच्या वस्तूला देऊं शकते. त्याहून रतिभरहि अधिक नाहीं.

या तत्त्वानें एक हिशेब मांडून पाहावा. पंचेचाळीस शतांश इंच व्यासाची अमेरिकन सैन्यांतली प्रसिद्ध गोळी २३० ग्रेनांची, म्हणजे सुमारें १५ ग्रॅमांची असते. ती पिस्तुलांतून सेकंदाला साधारणपणें ८५० फूट, म्हणजे सुमारें २६० मीटर वेगानें निघते. किलोग्रॅम व मीटर ह्या मापांनीं तिचा संवेग ३.९ भरतो. क्रिकेटचा चेंडू १६० ग्रॅमांचा धरला व द्रुतगति गोलंदाजानें तो सेकंदाला ४० मीटर वेगानें टाकला, तर त्याचा संवेग होतो ६.४. म्हणजे नांवाजलेल्या त्या गोळीपेक्षां चेंडूचा धक्का दीडपटीहून मोठा. तरी पण चेंडू बरगडीवर बसला म्हणून फलंदाज यष्ट्यांपलीकडे उडून पडल्याचें कोणीं पाहिलेलें नाहीं. सत्तर किलोच्या माणसाच्या शरीरांत ती गोळी पूर्णपणें अडकून राहिली तरी तिच्यामुळें त्याला मिळणारी गति सेकंदाला साडेपांच सेंटिमीटर एवढीच. शिवाय जेवढा धक्का गोळी खाणाऱ्याला, निदान तेवढा मारणाऱ्याच्या हातालाहि बसलेला असतो. एक भिंतीवर आदळावयाचा तर दुसऱ्यानेंहि आदळावयास पाहिजे!

मग गोळी मारते कशी? दाभण मारतें तशी. ती शरीरांत शिरते, वाटेंत जें येईल तें फोडते आणि रक्त वाहूं लागतें. म्हणून पिस्तुलाच्या गोळीविषयीं विचारण्याजोगे प्रश्न दोनच : ती किती खोल जाते, आणि तिची वाट किती रुंद असते. मेट्झ येथील प्रयोगांवरून फ्रेंच गणिती पाँसले यानें एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत या प्रवेशाचा नियम बसविला. त्याचें सार असें कीं, गोळीच्या तोंडाच्या प्रत्येक चौरस इंचामागें जितकें वजन अधिक, तितकी ती सरळ प्रमाणांत खोल जाते. वेग वाढविला असतां खोली वाढते खरी, परंतु त्या मानानें वाढत नाहीं, कारण वेगाबरोबर रोधहि वाढतो. एकाच व्यासाच्या दोन गोळ्यांपैकीं जी जड ती लांब असते. पुढचें तोंड तेवढेंच, पण त्यामागें रेटणारा भार अधिक. उतारावरून सुटलेली भरलेली गाडी चिखलांत जेवढी आंत रेटली जाते तेवढी मोकळी गाडी जात नाहीं, तसाच हा प्रकार.

टोंकाच्या आकाराची गोष्ट याहून नाजूक आहे. गोल नाकाची गोळी मांस बाजूला सारीत जाते. ती गेल्यावर सारलेला भाग पुन्हां मिटूं पाहतो आणि मागें राहणारी वाट गोळीहून अरुंद असते. सपाट नाकाची गोळी समोर येईल तें चिरडीत, कापीत जाते. तिची वाट स्वच्छ असते, परंतु रोध अधिक असल्यानें ती लवकर थांबते. टोंकाशीं पोकळी ठेवलेली मऊ शिशाची गोळी आंत शिरतांच फुलासारखी उमलते. तिचा व्यास दीडपट झाला तर तोंडाचें क्षेत्रफळ सव्वादोनपट होतें, आणि त्याच प्रमाणांत तिची खोली घटते. थोडक्यांत, गोळीपाशीं शक्तीची पुंजी ठराविक असते; ती रुंदीवर खर्चावी कीं खोलीवर, एवढाच काय तो निवाडा टोंक करतें. दोन्हीकडे भरपूर खर्च करणारी गोळी अद्याप कोणाला साधलेली नाहीं.

हें सारें शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बव्हंशीं उपलब्ध होतें. तरी इतिहासानें वेगळी वाट धरली, तिची सुरुवात आपल्या वायव्य सरहद्दीवर झाली. शिशाच्या जाड गोळ्या मारणारी मार्टिनी-हेन्री बंदूक जाऊन ब्रिटिश फौजेंत ली-मेटफर्ड आली. हिची गोळी ०.३०३ इंच व्यासाची, २१५ ग्रेनांची, आणि तांबें-निकेलच्या मिश्रधातूचें कवच चढविलेली होती. कवचामुळें तिचें टोंक चेपत नसे. ती सरळ आरपार जाई. बर्न येथील विख्यात शल्यवैद्य थिओडोर कोखर यानें पाण्यानें भरलेल्या भांड्यांवर व इतर पदार्थांवर गोळ्या झाडून जखमांचा अभ्यास केला होता आणि अशा कठीण, न चेपणाऱ्या गोळ्यांचा पुरस्कार केला होता. युद्ध टळत नसेल तर जखम तरी बरी होण्याजोगी असावी, ही त्याची दृष्टि. परंतु १८९५ च्या चित्रळच्या मोहिमेनंतर तक्रारी येऊं लागल्या कीं, नव्या गोळ्या लागूनहि पठाण अंगावर येतातच.

यावर उपाय म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडम येथील शस्त्रशाळेंत कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यानें गोळीच्या टोंकावरचें कवच काढून आंतील शिसें उघडें ठेवलें. हीच ती जगभर कुप्रसिद्ध झालेली डमडम गोळी. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत ती आफ्रिदींवर वापरली गेली. बंदुकीच्या गोळीचा वेग सेकंदाला दोन हजार फुटांच्या घरांत असल्यामुळें ती उमलली म्हणजे होणारी जखम खरोखरीच भयंकर असे. युरोपांत मोठा गहजब झाला. टुबिंगेन येथील शल्यवैद्य ब्रुन्स यानें मऊ टोंकाच्या गोळ्यांच्या भीषण जखमा प्रयोगानें दाखविल्या; त्या प्रयोगांतील गोळ्यांना डमडमपेक्षां पुष्कळच अधिक शिसें उघडें होतें, हें मात्र गडबडींत मागें पडलें. प्रयोग एका गोळीवर आणि निर्णय दुसरीवर, हा प्रकार या इतिहासांत पुढेंहि आपल्याला भेटणार आहे.

१८९९ सालीं हेग येथें भरलेल्या शांतता-परिषदेपुढें हा प्रश्न आला. ब्रिटनचे प्रतिनिधि सर जॉन आर्डा यांनीं आपल्या गोळीचें जें समर्थन केलें तें या लेखाच्या दृष्टीनें महत्त्वाचें आहे. सुधारलेल्या राष्ट्राचा शिपाई लहानशी गोळी लागली तरी आपण जखमी झालों हें ओळखून मागें सरतो. परंतु रानटी माणसाचें तसें नाहीं. त्याच्या अंगांतून दोनतीन गोळ्या आरपार गेल्या तरी तो भाला-तलवार घेऊन धांवतच येतो, आणि आपण परिषदेच्या नियमाविरुद्ध वागत आहों हें त्याला समजावून सांगण्यापूर्वींच तो तुमचें डोकें उडवितो. अशा आशयाचें तें भाषण होतें. परिषदेला तें पटलें नाहीं. शरीरांत सहज फुलणाऱ्या वा चपट्या होणाऱ्या गोळ्या युद्धांत न वापरण्याचा जाहीरनामा २९ जुलै १८९९ रोजीं संमत झाला. ब्रिटन व अमेरिका विरोधांत राहिलीं. ब्रिटननें तो पुढें १९०७ सालीं मान्य केला. परंतु या उदार जाहीरनाम्यांतहि एक मेख होती. तो करार करणाऱ्या राष्ट्रांपुरताच बंधनकारक होता. ज्यांच्या अंगावर या गोळीची परीक्षा झाली ते आफ्रिदी अशा कोणत्याहि परिषदेला निमंत्रित नव्हते.

बंदुकीची ही चर्चा चालू असतांनाच तिचें लोण पिस्तुलापर्यंत पोंचलें. ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या कमरेला वेब्ली रिव्हॉल्व्हर असे. त्याची गोळी ०.४५५ इंच व्यासाची, २६५ ग्रेनांची, गोल नाकाची. १८९८ सालीं तिच्या जागीं २१८ ग्रेनांची एक नवी गोळी आली. तिच्या टोंकाशीं वाटीसारखा खळगा होता व तिचें टोपणनांवच होतें 'मॅन-स्टॉपर', म्हणजे माणूस-थांबवी. हेगच्या वादामुळें ती थोड्याच काळांत मागें घ्यावी लागली. येथें एक भेद वाचकांनीं लक्षांत ठेवावा. बंदुकीची गोळी वेगामुळें आजूबाजूचें मांस दूरवर ताणून फाडूं शकते. पिस्तुलाची गोळी पुष्कळच मंद असते, आणि जें तिला प्रत्यक्ष लागतें तेवढेंच ती कापते. बंदुकीवरून काढलेले निष्कर्ष पिस्तुलाला जसेच्या तसे लागूं पडत नाहींत. परंतु हा भेद त्या वेळीं कोणाला विशेष महत्त्वाचा वाटला नाहीं. कारण सगळ्यांचें लक्ष गोळीकडे नव्हे, तर समोरच्या 'रानटी' माणसाकडे लागलें होतें.

आतां हा रानटी माणूस दुसऱ्या एका बेटसमूहांत पाहावयाचा आहे. १८९८ च्या युद्धांत स्पेनचा पराभव करून अमेरिकेनें फिलिपाइन्स बेटें घेतलीं, आणि पुढच्याच वर्षीं तेथल्या लोकांशीं तिचें युद्ध जुंपलें. अमेरिकन अधिकाऱ्यांपाशीं अडतीस कॅलिबरचें कोल्ट रिव्हॉल्व्हर होतें. त्याची गोळी दीडशें ग्रेनांची, गोल नाकाची, वेग सेकंदाला साडेसातशें फुटांच्या आसपास. मिंडानाओ व सुलू बेटांवरील मोरो लढवय्ये सहा गोळ्या खाऊनहि अमेरिकन शिपायाला कापून काढतात, अशा कथा पसरल्या. ते धर्मवेडे आहेत, अंगाला घट्ट दोर गुंडाळून येतात, त्यांना वेदना कळत नाहींत, अशीं कारणें सांगण्यांत आलीं. जुनीं पंचेचाळीस कॅलिबरचीं रिव्हॉल्व्हरें पुन्हां बाहेर काढण्यांत आलीं. याच लोकांपैकीं निदान सहाशें जण, त्यांत बायकामुलेंहि, मार्च १९०६ मध्यें जोलो बेटावरील बुद दाजो या ज्वालामुखीच्या मुखांत तोफा-बंदुकांनीं मारले गेले. मोरो पडत नाहींत या कथेशेजारीं ही गोष्ट ठेवून पाहण्यासारखी आहे.

या कथांपैकीं जी एक गोष्ट वैद्यकीय तपशिलासह नमूद झाली आहे ती मात्र मोरोची नाहीं. अँटोनियो कास्पी हा समार बेटावरील एक कैदी. २६ ऑक्टोबर १९०५ रोजीं तो पळून जाऊं लागला असतां झटापटींत त्याच्यावर अगदीं जवळून त्याच अडतीसच्या चार गोळ्या झाडण्यांत आल्या. तीन गोळ्यांनीं त्याचीं फुप्फुसें फोडलीं. त्यांतली एक छातींतून शिरून पाठींतून बाहेर गेली, दोन पाठीच्या बाजूस जाऊन राहिल्या. चौथी तळहातांतून शिरून मनगटापलीकडे निघाली. तरी तो लढतच होता. शेवटीं कपाळावर बंदुकीचा दस्ता बसला तेव्हां तो पडला. महिन्याभरांत बरा करून त्याला मुलकी अधिकाऱ्यांच्या हवालीं करण्यांत आलें. हें वर्णन नीट वाचलें तर काय दिसतें? गोळ्या खोल गेल्या नाहींत असें मुळींच नाहीं. एक तर आरपार गेली. परंतु एकहि गोळी हृदयाला, मोठ्या रक्तवाहिनीला किंवा पाठीच्या कण्याला लागली नाहीं. कास्पी पडला नाहीं याचें कारण त्याच्या वंशांत वा वेडांत नव्हे, त्या चार छिद्रांच्या जागांत होतें. पण तें कारण स्वीकारावयाचें तर नेम चुकला हें कबूल करावें लागतें. नाचतां येईना अंगण वांकडें, ही आपली म्हण समुद्रापलीकडेहि लागूं पडते.

कास्पीच्या आदल्याच वर्षीं, १९०४ सालीं, अमेरिकन सैन्यानें या प्रश्नाचा कायमचा निकाल लावण्यासाठीं दोन अधिकारी नेमले होते : कॅप्टन जॉन थॉम्प्सन आणि वैद्यकीय खात्यांतले मेजर लुई लागार्ड. त्यांनीं निरनिराळ्या वजनांच्या, व्यासांच्या व टोंकांच्या गोळ्या घेतल्या. जर्मन ल्यूगर पिस्तुलाच्या लहान वेगवान गोळ्यांपासून त्या खळगेदार 'माणूस-थांबवी'पर्यंत. प्रथम शवें टांगून त्यांच्यावर गोळ्या झाडल्या व प्रत्येक गोळीनें शव किती झोका खातें तें डोळ्यांनीं अजमावलें. नंतर शिकागोच्या कत्तलखान्यांत जिवंत गुरांवर प्रयोग केले. प्रथम एकेक गोळी घालून जनावर किती वेळानें पडतें तें पाहिलें, पुढें तें पडेपर्यंत भराभर गोळ्या घातल्या. जनावरें थोडीं, प्रत्येकाला गोळी लागलेली जागा निराळी, वेळाची मोजणी धांदलीची. शवाच्या झोक्याविषयीं तर रॉबिन्सच्या लोलकानेंच इशारा दिला असता : मीटरभर लांबीच्या दोरीला टांगलेलें सत्तर किलोचें ओझें त्या मोठ्या गोळीनें दोन सेंटिमीटरसुद्धां हलणार नाहीं. निष्कर्ष मात्र ठाम निघाला कीं, गोळी पंचेचाळीस कॅलिबरपेक्षां लहान असूं नये. त्यांतूनच २३० ग्रेनांची गोळी आणि १९११ सालचें प्रसिद्ध कोल्ट पिस्तूल जन्मास आलें.

न्यायाची गोष्ट म्हणून हेंहि सांगितलें पाहिजे कीं, त्याच अहवालांत या दोघांनीं एक सत्य स्पष्ट लिहिलें होतें. माणसाच्या शरीराचा बहुतेक भाग असा आहे कीं तेथें गोळी लागल्यानें तो तत्काळ थांबेल अशी आशा धरतां येत नाहीं. म्हणून शिपायांकडून नेमाचा अखंड सराव करून घ्यावा. परंतु अहवालांतले आंकडे तेवढे उचलले जातात आणि इशारे कपाटांत राहतात, हा सर्व देशांतल्या दप्तरांचा अनुभव आहे. १९३५ सालीं ज्युलियन हॅचर या अमेरिकन तज्ज्ञानें संवेग, छेदाचें क्षेत्रफळ आणि टोंकाच्या आकाराचा गुणांक यांचा गुणाकार करून गोळीच्या 'पाडण्याच्या शक्ती'चें एक सूत्रच बांधलें. त्याचा पाया बव्हंशीं शिकागोचीं तींच गुरें होतीं. इंग्रजांनीं तर याच सुमारास उलट निर्णय घेतला. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनीं आपली ०.४५५ ची गोळी सोडून ०.३८ कॅलिबरची, पण लांब व जड, २०० ग्रेनांची मंद गोळी पत्करली. शिकाऊ शिपायाच्या हाताला ती सोसवते हें मुख्य कारण. पुढें नुसत्या शिशाची गोळी हेगच्या जाहीरनाम्यांत बसत नाहीं अशा शंकेनें दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर तिच्या जागीं १७८ ग्रेनांची कवचबंद गोळी आली. एक राष्ट्र म्हणे मोठी गोळी हवी, दुसरें म्हणे लहान चालते. आणि दोघांनाहि अनुभवाचा आधार होता!

पुढें वाऱ्यानें दिशा बदलली. १९७५ सालीं अमेरिकेंत पोलिसांच्या गोळ्यांसाठीं एक नवा निर्देशांक तयार झाला. जाड व जड गोळीऐवजीं हलकी व वेगवान गोळी त्यांत श्रेष्ठ ठरली. कारण शरीरांतून जातांना गोळीभोवतीं क्षणभर जी पोकळी ताणली जाते तिच्यावर त्याचा सारा भर होता. ती गोळी किती खोल जाते याला फारसें महत्त्व नव्हतें. त्या विचाराची कसोटी ११ एप्रिल १९८६ रोजीं मायामी शहरांत लागली.

त्या दिवशीं अमेरिकेच्या केंद्रीय तपासखात्याच्या आठ अधिकाऱ्यांची दोन दरोडेखोरांशीं गांठ पडली. त्यांतल्या प्लॅट नांवाच्या दरोडेखोराला चकमकीच्या आरंभींच ९ मिलिमीटर व्यासाची, ११५ ग्रेनांची, पोकळ टोंकाची एक गोळी लागली. ती त्याच्या दंडांतून आरपार जाऊन छातींत शिरली, तिनें फुप्फुस फोडलें, आणि हृदयापासून थोड्याच अंतरावर ती थांबली. गोळीनें जें करावयाचें म्हणून तिची निवड झाली होती तेंच तिनें केलें होतें. ती छान उमलली होती. पण उमलण्यांतच तिची पुंजी संपली. ती जखम अखेर प्राणघातकच होती. तरी त्यानंतरच्या कांहीं मिनिटांत त्यानें दोन अधिकारी ठार केले व आणखी कांहींना जखमी केलें. त्याच्या अंगावर एकंदर बारा जखमा झाल्या. मृत्यूनंतर त्याच्या रक्ताची तपासणी झाली. त्यांत कसलेंहि मादक द्रव्य सांपडलें नाहीं. तो मोरो नव्हता, आफ्रिदी नव्हता. तो अमेरिकन सैन्यांत नोकरी केलेला एक गोरा अमेरिकन होता. आर्डासाहेबांच्या व्याख्येप्रमाणें पहिल्या गोळीबरोबर मागें सरणारा माणूस हाच. आणि तो तर शेवटपर्यंत लढत राहिला.

या घटनेनंतर तपासखात्यानें १९८७ सालीं तज्ज्ञांची बैठक बोलाविली. तींत ज्यांच्या मताला विशेष वजन मिळालें त्यांत कर्नल मार्टिन फॅक्लर हे होते. व्हिएतनामच्या युद्धांत जखमी शिपायांवर शस्त्रक्रिया केलेले हे शल्यवैद्य; पुढें सॅन फ्रान्सिस्को येथील लष्करी वैद्यकीय संस्थेंत त्यांनीं जखमांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा चालविली. त्यांचें साधन अगदीं साधें होतें : जनावरांच्या हाडाकातड्यांपासून काढलेलें जेलॅटिन, एक भाग जेलॅटिन व नऊ भाग पाणी, चार अंश सेंटिग्रेड उष्णतेवर गोठविलेलें. डुकराच्या स्नायूंत गोळी जेवढी जाते तेवढीच या ठोकळ्यांत जाते, हें त्यांनीं ताडून पाहिलें. ठोकळा पारदर्शक, गोळीची सारी वाट त्यांत दिसते व पट्टीनें मोजतां येते. गुरें किती वेळांत पडलीं याचा अदमास नको, कीं शवाच्या झोक्याची कल्पना नको. क्षणिक ताणल्या जाणाऱ्या पोकळीनें लवचिक स्नायूंचें पिस्तुलाच्या वेगाला फारसें बिघडत नाहीं, हेंहि त्यांनीं आग्रहानें मांडलें.

तपासखात्यानें नवीन दंडक घातला तो खोलीचा. गोळी या ठोकळ्यांत निदान १२ इंच गेली पाहिजे व १८ इंचांपलीकडे जाऊं नये. तिच्यापुढें जाड कपडे, लांकूड, पत्रा वा मोटारीची कांच ठेवली तरीहि. छातीची जाडी साधारण दहा इंच असतां बारा इंच कशाला, असें कोणी विचारील. प्लॅटच्या दंडानें त्याचें उत्तर देऊन ठेवलें होतें. अठरांची मर्यादा पलीकडे उभ्या असलेल्या निरपराध माणसासाठीं. कवचबंद गोल नाकाची गोळी, मग ती ९ मिलिमीटरची असो वा पंचेचाळीसची, अशा ठोकळ्यांत दोन फुटांहून अधिक खोल जाते, म्हणून ती शहरांत धोक्याची. तात्पुरती सोय म्हणून ११५ ग्रेनांच्या जागीं त्याच व्यासाची १४७ ग्रेनांची, अधिक मंद गोळी घेण्यांत आली. वेग कमी होऊनहि ती खोल गेली, कारण तिच्या तोंडामागें भार अधिक होता. पाँसलेचा नियम दीडशें वर्षांनीं दप्तरांत शिरला! पुढें अधिक मोठ्या व्यासाच्या गोळ्याहि वापरून झाल्या, आणि उमलूनहि पुरेशी खोल जाणारी गोळी कारखानदारांना साधल्यावर २०१४ नंतर तें खातें पुन्हां ९ मिलिमीटरवर आलें.

खात्यानें १९८९ सालीं काढलेल्या अहवालांत दोन गोष्टी नमूद आहेत. त्या येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. पहिली अशी कीं, मेंदू किंवा मानेजवळचा कणा फुटल्याखेरीज माणूस तत्काळ पडण्याचें शारीरिक कारण नाहीं. हृदय निकामी झालें तरी मेंदूंत उरलेल्या प्राणवायूवर तो दहापंधरा सेकंद हवें तें करूं शकतो. दुसरी अशी कीं, ज्या असंख्य माणसांना किरकोळ जखम होतांच तीं खालीं कोसळतात, तीं गोळीनें नव्हे, मनानें पडतात. गोळी लागली म्हणजे पडावयाचें असतें, हें त्यांनीं गोष्टींतून व पडद्यावरून शिकलेलें असतें. म्हणजे जी समजूत आम्हीं निसर्गनियम मानली ती एक रूढि निघाली. ज्याला ती रूढि ठाऊक नव्हती, किंवा ज्याला आपल्या गांवासाठीं ती मोडावयाची होती, त्याला आम्हीं रानटी म्हटलें.

त्या विद्यार्थ्याला मीं पुढच्या तासाला उत्तर दिलें. तें ऐकून तो थोडा हिरमुसला. चित्रपटांतली गंमत गेली असें त्याला वाटलें असावें. मीं त्याला एवढेंच म्हटलें कीं, माणसाविषयीं वाईट मत बनविण्यापूर्वीं पट्टी घेऊन मोजणें बरें. तिराहच्या डोंगरांत व फिलिपाइन्सच्या बेटांवर मोजपट्टी होती. रॉबिन्सनें दाखविलेलें तत्त्व होतें, पाँसलेचा नियमहि होता. नव्हती ती फक्त आपल्याच नेमाविषयीं शंका घेण्याची तयारी; आणि ती येण्यासाठीं न पडणारा माणूस आपल्यासारखाच दिसावा लागला.